बुरशीशी झुंजणाऱ्या जीवाणूंचे संशोधक : डॉ. तिरुमलाचार

बंगळुरू शहराच्या वायव्येस, तुमकूर रस्त्यालगत पीण्या औद्योगिक क्षेत्र पसरले आहे. १९७० च्या दशकात आकाराला आलेले हे क्षेत्र आशियातील मोठ्या औद्योगिक वसाहतींपैकी एक मानले जाते. यंत्रांचे सुटे भाग, विद्युत उपकरणे आणि तयार कपडे बनवणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांच्या गर्दीत, वसाहतीच्या दुसऱ्या टप्प्यात, कर्नाटक अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स लिमिटेड या कंपनीचा प्रतिजैविकांचा कारखाना आहे. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे मूळ महाराष्ट्रात सापडते. पुण्याजवळील पिंपरी येथील हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लिमिटेड आणि कर्नाटक राज्य औद्योगिक गुंतवणूक व विकास महामंडळ यांनी संयुक्तपणे ती उभारली.

पिंपरीच्या संस्थेने पीण्यात पाऊल ठेवले, त्याच्या बऱ्याच आधी म्हैसूर संस्थानात वाढलेले एक शास्त्रज्ञ पिंपरीला आले होते. त्यांचे नाव डॉ. मंडयम जीरसन्निधी तिरुमलाचार. मातीतील जीवाणूंपासून बुरशीनाशक प्रतिजैविके शोधून ती मानवी आजारांवर आणि पिकांच्या रोगांवर उपयोगात आणण्याचे श्रेय त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना जाते. वनस्पतिरोगशास्त्राच्या क्षेत्रात त्यांचे नाव जगभर परिचित आहे. पिकांवरील बुरशीला आवर घालण्यासाठी जीवाणूंची भुकटी वापरणाऱ्या आजच्या शेतकऱ्याला मात्र ते क्वचितच ठाऊक असते.

पिकांच्या रोगांपैकी बहुसंख्य रोग बुरशीमुळे होतात. भातावरील करपा, द्राक्षावरील भुरी, गव्हावरील तांबेरा, ज्वारीवरील काणी, हरभऱ्यावरील मर ही त्यांची नित्याची नावे. या रोगांना आवर कसा घालावा, या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पुढे आली. पहिले उत्तर तांब्यासारख्या विषाचे, दुसरे जीवाणूंनी तयार केलेल्या औषधाचे आणि तिसरे प्रत्यक्ष जिवंत जीवाणूचे. या तिन्ही उत्तरांशी तिरुमलाचार यांच्या आयुष्याचा संबंध आला.

म्हैसूर संस्थानातील वारसा

तिरुमलाचार यांचा जन्म १९१४ चा. वडील एम. जे. नरसिंहन हे म्हैसूर संस्थानाच्या कृषी खात्यातील वनस्पतिरोगतज्ज्ञ होते. या खात्यात शास्त्रीय संशोधनाचा पाया घातला तो लेस्ली कोलमन या कॅनडात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने. कोलमन १९०८ मध्ये म्हैसूरला आले. जर्मनीतील गॉटिंगेन येथे त्यांनी मातीत नायट्रीकरण घडवून आणणाऱ्या जीवाणूंचा अभ्यास केला होता. परंतु म्हैसूरमध्ये त्यांच्यापुढे पहिले मोठे आव्हान उभे राहिले ते सुपारीच्या कोळेरोगाचे.

कोकणात आणि गोव्यातही बागायतदारांना हा रोग चांगलाच परिचित आहे. जोराच्या पावसात कोवळ्या सुपाऱ्यांवर पाणचट डाग पडतात, त्या कुजतात आणि घडातून गळून पडतात. ज्या कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न सुपारीवर अवलंबून असते, त्याचे हे उत्पन्न काही आठवड्यांत मातीमोल होते. फायटोफ्थोरा नावाचा सूक्ष्मजीव या रोगाला कारणीभूत असतो. त्या काळी त्याची गणना बुरशीत होत असे. आज त्याला बुरशीसदृश अशा वेगळ्या गटात ठेवले जाते. कोलमन यांनी १९१० मध्ये या रोगावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला आणि मोरचूद व चुना यांपासून बनवलेल्या बोर्डो मिश्रणाची फवारणी मलनाडच्या बागांमध्ये रूढ केली. नरसिंहन हे कोलमन यांच्या साहाय्यकांपैकी एक होते.

घरातच सूक्ष्मदर्शक आणि रोगट पाने यांचा वावर असलेल्या वातावरणात तिरुमलाचार वाढले. बोर्डो मिश्रणाचे यश त्यांच्या वडिलांच्या पिढीने पाहिले होते. त्याच्या मर्यादाही त्या पिढीला दिसल्या. हे मिश्रण रोग येण्यापूर्वी फवारावे लागते, पावसाने धुऊन गेल्यास पुन्हा फवारावे लागते, आणि तांबे मातीत साचत जाते. आत शिरलेल्या रोगाला त्याने आवर बसत नाही. नव्या उपायांचा शोध घेण्याची गरज या अनुभवातून स्पष्ट झाली होती.

काणी आणि तांबेरा

तिरुमलाचार यांच्या कारकिर्दीचा पूर्वार्ध बुरशींची ओळख पटवण्यात गेला. काणी आणि तांबेरा हे त्यांचे विशेष अभ्यासविषय. या बुरशी जिवंत वनस्पतीवरच वाढतात, त्यांच्या जीवनचक्रात अनेक अवस्था असतात आणि प्रत्येक अवस्थेत त्यांचे रूप पालटते. त्यामुळे कोणत्या पिकावर नेमकी कोणती बुरशी आहे, हे ठरवण्यास कमालीची चिकाटी लागते.

या कामात त्यांना बी. बी. मुंडकूर यांच्यासारखा ज्येष्ठ सहकारी लाभला. १९४७ मध्ये भारतीय वनस्पतिरोगशास्त्र संस्थेची स्थापना करण्यात मुंडकूर यांचा पुढाकार होता. तिरुमलाचार यांनी १९४४ मध्ये काणीच्या एका नव्या प्रजातीला मुंडकुरेला असे नाव देऊन त्यांच्याविषयीचा आदर व्यक्त केला. दोघांनी मिळून तांबेऱ्याच्या प्रजातींचा आढावा घेणारे लेखन केले. भारतातील काणीवर्गीय बुरशींवरील त्यांचा संयुक्त ग्रंथ १९५२ मध्ये इंग्लंडमधील क्यू येथील कवकशास्त्र संस्थेने प्रसिद्ध केला. त्याच वर्षी मुंडकूर यांचे निधन झाले.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक जे. जी. डिक्सन यांच्यासमवेत गवतावरील काणीसंबंधी केलेले त्यांचे संशोधन १९४९ मध्ये प्रकाशित झाले. बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. तेथील एम. एस. पावगी यांच्यासमवेत त्यांनी अनेक बुरशींचे वर्णन केले.

नावे देण्याचे हे काम बाहेरून पाहणाऱ्याला कोरडे वाटेल. परंतु त्या काळात बुरशीची ओळख हा जीवनमरणाचा प्रश्न ठरू शकत होता. १९४२ मध्ये बंगालमधील भातपिकावर तपकिरी ठिपक्यांचा रोग मोठ्या प्रमाणावर पसरला. पुढच्या वर्षीच्या भीषण दुष्काळाच्या कारणांचा विचार करताना युद्धकालीन धोरणे आणि धान्याची भाववाढ यांच्याबरोबर या रोगाचाही उल्लेख होतो. रोग ओळखता येत होता, पण शेतात पसरल्यावर तो थांबवता येईल असे परवडणारे औषध शेतकऱ्याच्या हाती नव्हते.

बिहारच्या बटाट्याचा धडा

केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ मध्ये पाटणा येथे सुरू झाली आणि १९५६ मध्ये तिचे मुख्यालय शिमल्याला हलले. या संस्थेत काम करताना तिरुमलाचार यांनी बिहारमधील बटाट्याच्या कोळसा कूज या रोगाचा अभ्यास केला. या रोगात बटाटा आतून काळवंडतो. बुरशीचे असंख्य बारीक काळे कण कोळशाच्या भुकटीसारखे दिसतात, म्हणून हे नाव. महाराष्ट्रातील रब्बी ज्वारीवर येणारा खडखड्या रोगही याच बुरशीमुळे होतो. दाणे भरण्याच्या सुमारास जमिनीतील ओल कमी झाली की ताटे आतून पोकळ होऊन कोलमडतात, हे सोलापूर-मराठवाड्यातील शेतकरी जाणतात.

ही बुरशी जमिनीत राहते. तिचे काळे कण अनेक महिने तग धरतात आणि माती तापली की ती आक्रमक होते. म्हणूनच वसंतात उष्णता वाढू लागल्यावरही बटाटा जमिनीतच राहू दिला तर नुकसान वाढते. लागवडीच्या पद्धती आणि हा रोग यांचा संबंध दाखवणारा त्यांचा निबंध १९५५ मध्ये प्रकाशित झाला. वेळेवर काढणी करणे हा त्यातून निघणारा व्यवहार्य मार्ग होता. परंतु जमिनीत दडलेल्या बुरशीपर्यंत फवारणीचे औषध पोहोचत नाही, ही अडचण तशीच राहिली. या अडचणीकडे ते तब्बल दोन दशकांनी पुन्हा वळणार होते.

पिंपरीची प्रयोगशाळा

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने भारत सरकारने १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लिमिटेडची स्थापना केली. पेनिसिलिनसाठी परदेशावर अवलंबून राहावे लागू नये, हा मुख्य हेतू होता. कारखान्याच्या जोडीला संशोधन विभागही उभारण्यात आला. तिरुमलाचार यांनी या विभागाचे नेतृत्व केले.

त्या काळी प्रतिजैविकांच्या जगात मातीला विलक्षण महत्त्व आले होते. १९४३ मध्ये अमेरिकेतील सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत मातीतील स्ट्रेप्टोमायसिस या जीवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले आणि क्षयरोगावर पहिले प्रभावी प्रतिजैविक हाती आले. १९५० मध्ये एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राऊन या दोन अमेरिकी संशोधिकांनी अशाच जीवाणूपासून निस्टॅटिन हे बुरशीनाशक मिळवल्याचे जाहीर केले. पहिल्या पावसानंतर मातीला जो सुगंध येतो, तो याच गटातील जीवाणूंची देणगी आहे. हे जीवाणू तंतूंच्या रूपाने वाढतात. त्यामुळे ते बुरशी आणि जीवाणू यांच्या मधले असावेत, असा समज पूर्वी होता; पुढे ते निःसंशयपणे जीवाणू असल्याचे सिद्ध झाले. आयुष्यभर बुरशींचे तंतू पाहिलेल्या तिरुमलाचार यांना या तंतुमय जीवाणूंचे जग अपरिचित वाटण्याचे कारण नव्हते.

या संशोधनाची पद्धत तत्त्वतः सोपी, पण अत्यंत कष्टाची असते. मातीचा नमुना पाण्यात मिसळून विरळ करतात आणि पोषक थरावर पसरतात. वाढलेल्या वसाहतींमधून एकेक जीवाणू वेगळा करतात. मग ज्या बुरशीला रोखायचे आहे तिच्या शेजारी त्याला वाढवतात. जीवाणूभोवती बुरशी न वाढलेले मोकळे कडे दिसले, तर तो काहीतरी बुरशीविरोधी द्रव्य स्रवतो असे समजते. असे शेकडो नमुने निरुपयोगी ठरतात, तेव्हा एखादा हाती लागतो. त्यानंतर तो जीवाणू किण्वन टाकीत वाढवणे, द्रव्य वेगळे करणे, त्याची रासायनिक ओळख पटवणे आणि ते सुरक्षित आहे का हे तपासणे असे टप्पे असतात.

१९६१ मध्ये पिंपरीच्या चमूने हॅमायसिन या नव्या प्रतिजैविकाचा शोध जाहीर केला. भारतात शोधल्या गेलेल्या पहिल्या प्रतिजैविकांत त्याची गणना होते. ज्या जीवाणूपासून ते मिळाले त्याला स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना असे नाव देण्यात आले. अशा रीतीने पिंपरीचे नाव जीवाणूशास्त्राच्या शब्दकोशात कायमचे नोंदले गेले. त्वचेच्या आणि तोंडाच्या बुरशीजन्य विकारांवर हॅमायसिनचा वापर झाला. अमेरिकेतही ब्लास्टोमायकोसिस या आजारावर त्याच्या चाचण्या घेण्यात आल्या. पाठोपाठ १९६२ मध्ये डर्मोस्टॅटिन, १९६४ मध्ये ऑरिओफंगिन आणि १९६८ मध्ये अँटिअमीबिन ही द्रव्ये पिंपरीतून पुढे आली. त्यांपैकी अँटिअमीबिन हे जीवाणूपासून मिळालेले नसून पुण्याचे नाव दिलेल्या एका बुरशीपासून मिळाले होते.

वैद्यकीय विज्ञानातील कामगिरीबद्दल तिरुमलाचार यांना १९६५ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार देण्यात आला. भारतीय विज्ञान अकादमी आणि भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी या दोन्ही संस्थांनी त्यांना सदस्यत्व दिले. मूळचा वनस्पतिरोगतज्ज्ञ असलेल्या संशोधकाला वैद्यकीय विभागात हा सन्मान मिळावा, यावरून त्यांच्या कामाचा आवाका लक्षात येतो.

ऑरिओफंगिन शेतात

पिकांच्या दृष्टीने पाहता पिंपरीच्या शोधांमध्ये ऑरिओफंगिनचे स्थान सर्वांत महत्त्वाचे आहे. तिरुमलाचार यांच्यासमवेत या संशोधनात रहाळकर, सुकापुरे आणि गोपालकृष्णन यांचा सहभाग होता. हे द्रव्यही मातीतील एका तंतुमय जीवाणूपासून मिळाले. पाण्यात विरघळणारे त्याचे रूप ऑरिओफंगिन सॉल या नावाने बाजारात आले.

त्याचे कार्य समजून घेण्यासारखे आहे. बुरशीच्या पेशीभोवती जे पातळ आवरण असते, त्यात एर्गोस्टेरॉल नावाचा घटक असतो. हॅमायसिन, निस्टॅटिन आणि ऑरिओफंगिन या कुळातील द्रव्ये या घटकाला जखडतात. आवरण दुबळे होते, पेशीतील क्षार बाहेर झिरपतात आणि बुरशी मरते. जीवाणूंच्या पेशींत हा घटक नसल्याने, ज्या जीवाणूने हे द्रव्य बनवले तो स्वतः सुरक्षित राहतो. मातीत अन्नासाठी चाललेल्या चढाओढीत शेजारच्या बुरशीला दूर ठेवण्याचे हे त्याचे साधन असावे.

द्राक्षावरील भुरी, आंब्याच्या फळांची कूज, टोमॅटोची कूज, भातावरील करपा अशा विविध रोगांवर ऑरिओफंगिनच्या चाचण्या झाल्या. ज्या तपकिरी ठिपक्यांच्या रोगाने बंगालचा भात उद्ध्वस्त केला होता, त्यासाठी बियाण्यावर प्रक्रिया करण्याकरिताही त्याचा उपयोग झाला. फवारलेले द्रव्य काही प्रमाणात वनस्पतीच्या आत शोषले जाते, हा बोर्डो मिश्रणाच्या तुलनेत मोठा फरक होता. तमिळनाडूत नारळाच्या तंजावर मर या रोगावर ऑरिओफंगिन सॉल आणि थोडे मोरचूद पाण्यात विरघळवून ते द्रावण माडाच्या मुळातून देण्याची शिफारस कृषी विद्यापीठाने केली. या शिफारशीनुसार १०० मिलिलिटर पाण्यात २ ग्रॅम ऑरिओफंगिन सॉल आणि १ ग्रॅम मोरचूद असे प्रमाण असते.

तरीही हे औषध शेतकऱ्यांच्या नित्य वापरात फारसे रुळले नाही. या कुळातील द्रव्ये सूर्यप्रकाशात लवकर क्षीण होतात. किण्वनाने औषध तयार करण्याचा खर्चही अधिक असतो. त्याच सुमारास कृत्रिम बुरशीनाशकांची नवी पिढी बाजारात आली. ती स्वस्त होती आणि शेतात अधिक काळ टिकत होती. पिंपरीच्या प्रयोगशाळेतील शोध महत्त्वाचा ठरला. बाजारपेठेने मात्र दुसरी वाट धरली.

जिवंत जीवाणूकडे

१९७७ मध्ये तिरुमलाचार यांनी एम. जे. ओब्रायन यांच्यासमवेत एक निबंध प्रसिद्ध केला. विषय होता बटाट्याची कोळसा कूज. या वेळी उपाय म्हणून एखादे वेगळे काढलेले द्रव्य वापरण्यात आले नव्हते. बुरशीला विरोध करणारा जिवंत जीवाणू वापरून रोगाला आळा घालता येतो, असे या संशोधनात दाखवण्यात आले. बिहारच्या शेतात १९५० च्या दशकात पाहिलेला प्रश्न २२ वर्षांनी वेगळ्या अंगाने हाताळला गेला होता.

या बदलाचे महत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. जमिनीत दडलेल्या बुरशीपर्यंत फवारणी पोहोचत नाही आणि मातीत ओतलेले औषध काही दिवसांत नष्ट होते. जिवंत जीवाणू मात्र मुळाभोवती वाढतो, मुळांतून झिरपणारी शर्करा खातो आणि बुरशीविरोधी द्रव्य गरजेच्या जागीच तयार करतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेत मुळांजवळ राहणाऱ्या उपकारक जीवाणूंवर मोठे संशोधन झाले आणि या विषयाला जगभर गती आली. तिरुमलाचार यांचा निबंध या लाटेच्या आधीचा आहे.

त्यानंतर त्यांनी आपले बंधू एम. जे. नरसिंहन (कनिष्ठ) यांच्यासमवेत अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील वॉलनट क्रीक येथे जीरसन्निधी-अँडरसन संस्थेच्या माध्यमातून संशोधन चालू ठेवले. १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज शेतकऱ्यांच्या हाती येणाऱ्या जीवाणूंमध्ये बॅसिलस सबटिलिस आणि स्युडोमोनास फ्लुरोसन्स ही दोन नावे प्रमुख आहेत. बॅसिलस प्रतिकूल परिस्थितीत कठीण कवचाचे बीजाणू तयार करतो, त्यामुळे त्याची भुकटी साठवणुकीत तुलनेने अधिक टिकते. तो बुरशीच्या आवरणाला भोके पाडणारी द्रव्ये बनवतो. स्युडोमोनास मुळाभोवतीचे लोह स्वतःकडे खेचून घेतो, त्यामुळे बुरशीला लोहाची टंचाई भासते. दोघेही वनस्पतीची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतात. ज्या तंजावर मर रोगासाठी ऑरिओफंगिन माडाच्या मुळातून देण्याची शिफारस होती, त्याच रोगासाठी स्युडोमोनास आणि ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी माडाच्या बुंध्याशी मातीत घालण्याचीही शिफारस पुढे झाली. एकाच झाडावर दोन पिढ्यांचे उपाय असे शेजारी आले.

बंगळुरूमध्ये १९९३ साली जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालय स्थापन झाले आणि कीड व रोगांच्या जैविक नियंत्रणाचे ते देशातील प्रमुख केंद्र बनले. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातही बॅसिलसच्या वापरावर काम झाले आहे. निर्यातीच्या द्राक्षांत रासायनिक औषधांचा अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळल्यास माल नाकारला जातो. काढणी जवळ आलेली असताना भुरीपासून बाग वाचवायची आणि अंशही राहू द्यायचा नाही, अशा पेचात सापडलेल्या बागायतदाराला जीवाणूंचा आधार मोलाचा वाटतो.

आजचा प्रश्न

प्रतिजैविकांचा शेतीतील वापर हा आज गंभीर चिंतेचा विषय बनला आहे. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचे मिश्रण अनेक वर्षे पिकांच्या जीवाणूजन्य रोगांवर फवारले जात होते. लिंबावरील खैऱ्या आणि डाळिंबावरील तेल्या ही त्याची ठळक उदाहरणे. बुरशीवर या मिश्रणाचा उपयोग होत नाही, तरीही अनेक ठिकाणी ते सरसकट वापरले गेले. क्षयरोगावरील औषध शेतात फवारल्याने औषधांना दाद न देणारे जीवाणू निर्माण होण्याचा धोका वाढतो, असा इशारा तज्ज्ञ देत आले. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने अधिसूचना काढून हा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याच्या आणि १ जानेवारी २०२४ पासून पूर्ण बंद करण्याच्या दिशेने पाऊल उचलले.

बुरशीनाशक प्रतिजैविकांनाही हाच विचार लागू पडतो. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचा आजार झालेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना अँफोटेरिसिन-बी या औषधासाठी शहराशहरांतून फिरावे लागले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. हे औषध स्ट्रेप्टोमायसिस जीवाणूपासूनच मिळते आणि ते हॅमायसिन व ऑरिओफंगिन यांच्याच कुळातील आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मानवाला घातक ठरणाऱ्या बुरशींची पहिली प्राधान्ययादी जाहीर केली, तेव्हा औषधांना दाद न देणाऱ्या बुरशींचा प्रश्न पुन्हा अधोरेखित झाला. रुग्णालयातील अखेरचा आधार असलेल्या कुळातील औषधे शेतात किती आणि कशी वापरावीत, याचा विचार त्यामुळे अटळ ठरतो.

या पार्श्वभूमीवर जिवंत जीवाणूंचा मार्ग अधिक आश्वासक दिसतो. हे जीवाणू अनेक मार्गांनी एकाच वेळी काम करतात, म्हणून बुरशीला त्यांच्यावर मात करणे तुलनेने कठीण जाते. मात्र या मार्गालाही पथ्ये आहेत. भारतातील नियमांनुसार अशा उत्पादनाची नोंदणी कीटकनाशक कायद्याखाली करावी लागते आणि एका ग्रॅममध्ये किमान १० कोटी जिवंत जीवाणू असणे अपेक्षित असते. उन्हात पडलेल्या किंवा मुदत संपलेल्या पाकिटात ही संख्या राहत नाही. अशी भुकटी विकत घेणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरी निराशा येते आणि दोष जीवाणूंच्या माथी मारला जातो. मोरचूद किंवा प्रतिजैविक यांच्याबरोबर ही भुकटी मिसळल्यास जीवाणू मरतात. रोग बळावल्यावर वापरण्यापेक्षा बियाणे, रोपे आणि माती यांवर आधीच वापर केल्यास गुण अधिक येतो.

पिंपरीच्या कंपनीची वाटचाल पुढे खडतर झाली. १९९० च्या दशकात ती आजारी उद्योगांच्या यादीत गेली आणि तिच्या संशोधन विभागाला पूर्वीचे वैभव लाभले नाही. पीण्यातील कारखान्यात औषधनिर्मिती चालू राहिली. तिरुमलाचार यांचा त्या कारखान्याशी प्रत्यक्ष संबंध आला नाही. तरीही मातीतील जीवाणूंकडून औषध मिळवण्याची जी विद्या पिंपरीत रुजली, तिच्या वारशात पीण्याचाही वाटा आहे.

बुरशींना नावे देण्यापासून सुरू झालेले तिरुमलाचार यांचे काम बुरशींना आवर घालणाऱ्या जीवाणूंपर्यंत येऊन पोहोचले. त्यांनी वर्णन केलेल्या बुरशींची नावे आजही शास्त्रीय ग्रंथांत वापरली जातात. ज्वारीवरील खडखड्या आणि बटाट्याची कोळसा कूज यांचा पूर्ण बंदोबस्त अद्याप झालेला नाही. हवामान तापत असताना आणि जमिनीतील ओल अनिश्चित होत असताना या बुरशीला अनुकूल दिवस वाढण्याची भीती आहे. अशा वेळी १९५५ आणि १९७७ मधील त्यांचे दोन निबंध एकत्र वाचले, तर वेळेवर काढणी, मातीची काळजी आणि उपकारक जीवाणूंची जोड हा मार्ग स्पष्ट दिसतो. कोरडवाहू शेतकऱ्याला परवडेल असा हा मार्ग त्याच्या शेतापर्यंत पोहोचवणे, हे पुढच्या पिढीतील संशोधकांचे आणि कृषी यंत्रणांचे काम आहे.